ऑर्डेलची पाचवी गोळी

माझ्या नवऱ्याने, ऑर्डेल रिंगडालने, चौतीस वर्षं गावच्या धान्यकोठारावर गव्हाचे ट्रक वजन केले, आणि संध्याकाळी घरी आला की तो चिमूटभर बंदुकीची दारू वजन करायला बसायचा; आता निवृत्त झालाय, तरी बसतोच. टनांतून एकदम कणांत! तेही माझ्या कपडे धुण्याच्या खोलीत. खिडकीपाशी त्याचं टेबल, टेबलावर काडतुसं दाबायचं यंत्र, त्याशेजारी काचेच्या पेटीत छोटा तराजू. तो वजन करत असताना मी वॉशिंग मशीन लावायचं नाही, जोरात चालायचं नाही आणि दार तर उघडायचंच नाही.

"आर्लिस, वारा!" तो आतून ओरडतो.

"वारा नाही, मी आहे!"

"तू आलीस की वारा येतो!"

एक्केचाळीस वर्षं मी हे ऐकतेय. तरीही सांगते, गेल्या जूनमध्ये त्या माणसाने जे केलं, ते आठवलं की आजही मला खुर्चीत बसवत नाही.

आमच्याकडे मॉन्टानाच्या या कोपऱ्यात बर्फ वितळलं की कुरणात गोफर उठतात. हा खारीएवढा प्राणी, पण दहा एकर घासाची चाळण करतो. त्याच्या बिळात वासराचा पाय गेला की मोडलाच. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत घरोघरी बंदुका निघतात. दोनशे यार्डांवर बिळाच्या तोंडाशी मुठीएवढं डोकं दिसतं न दिसतं, आणि ते टिपायचं तर दुकानातलं काडतूस कामाचं नाही. प्रत्येक बंदुकीच्या तोंडाची चव वेगळी. तिला कुठली दारू, किती आणि गोळी पुंगळीत किती खोल बसवलेली आवडते, हे तिचं तिलाच ठाऊक. ते शोधून काढायचं आणि घरी काडतुसं भरायची. आमचे पुरुष चर्चच्या तळघरात कॉफी पिताना पिकापाण्याबद्दल पाच मिनिटं बोलतात आणि काडतुसांबद्दल तासभर.

आणि जूनच्या पहिल्या शनिवारी गावच्या नेमबाजी क्लबात परीक्षा. शंभर यार्ड, पाच गोळ्या, दहा मिनिटं, आणि काडतुसं स्वतः भरलेली. पाचही भोकं एका डाइमखाली झाकली गेली पाहिजेत. डाइम म्हणजे आमचं सगळ्यात लहान नाणं, नखापेक्षा थोडं मोठं. झाकली, तर क्लबाच्या फळ्यावर नाव रंगवतात. त्या फळ्यावर सगळी मिळून एकोणीस नावं आहेत. त्यांपैकी चार वेळा एकच नाव आहे, व्हर्लिन क्नूडसन. व्हर्लिन आमचा जुना पोस्टमन, ऑर्डेलचा शाळेपासूनचा दोस्त, आणि तो डाइम त्याच्याच शर्टाच्या खिशात असतो. मोजायचं काम त्याचं.

ऑर्डेल बावीस वर्षं या परीक्षेला बसला. दर वर्षी चार गोळ्या एकमेकींना चिकटून, आणि पाचवी वर. बोटभर वर! दर वर्षी!

"ऑर्डेल, पुढच्या वर्षी पाचवी घरीच ठेवून ये," व्हर्लिन म्हणायचा, आणि सगळा क्लब हसायचा. ऑर्डेलही हसायचा. घरी आल्यावर मात्र तडक त्या तराजूकडे जायचा.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही बिलिंग्जला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. त्याच्या उजव्या डोळ्याचा मधला भाग चालला होता. कडेचं दिसेल, मधलं जाईल. ऑक्टोबरपर्यंत बंदुकीवरच्या दुर्बिणीतली नेमाची फुली त्या डोळ्याला दिसणार नाही, डॉक्टरने स्पष्ट सांगितलं. डाव्या डोळ्याने तर तो लहानपणापासूनच अधू. परतीचा रस्ता पाच तासांचा. निम्मा संपला, मग म्हणाला, "जूनपर्यंत टिकेल."

मला आधी कळलंच नाही, तो कशाबद्दल बोलतोय.

"आर्लिस, हे कुणाला सांगायचं नाही. व्हर्लिनला तर मुळीच नाही."

"का? तो तुझा दोस्त ना?"

"म्हणूनच. त्याला कळलं तर तो नाणं थोडं सरकवेल. मला सरकवलेलं नाणं नको."

मला रडू आलं आणि रागही आला. फळ्यावरच्या एका नावासाठी एवढं! पण त्याचा चेहरा बघून मी मनात म्हटलं, ठीक आहे म्हाताऱ्या, जून तर जून.

दुसऱ्या दिवसापासून कपडे धुण्याच्या खोलीत माझी नेमणूक झाली. तराजूच्या दांडीवरची बारीक रेघ त्याला आता दिसत नव्हती. ती मी बघायची.

"रेघ रेघेला लागली?"

"लागली."

"नक्की?"

"ऑर्डेल, मी या घरात चाळीस वर्षं केक भाजतेय. एक तरी बसलाय का?"

बायकोने काटा वाचू नये असं क्लबाच्या नियमांत कुठेही लिहिलेलं नाही. मी जाऊन वाचून आले.

त्याने शंभर पितळी पुंगळ्या घेतल्या, एकेक वजन केली आणि निम्म्या बाजूला काढल्या, का, तर त्या इतरांपेक्षा जड होत्या. राहिलेल्यांची तोंडं कापून एका उंचीची केली. दारू कणाकणाने वाढवत पाच-पाच काडतुसांचे गट केले आणि प्रत्येक गटावर चिठ्ठी लावली. मार्चच्या थंडीत आम्ही घराजवळच्या घळीत कागद लावून ते झाडायचो. तो पिकअपच्या मागच्या फळीवर बंदूक टेकून बसायचा, मी दुसऱ्या दुर्बिणीतून बघून वहीत लिहायचे. नेम धरायलाही त्याने युक्ती काढली होती. मधला ठिपका दिसत नाही, तर मोठं काळं वर्तुळ काढायचं आणि त्याच्या कडा चारी बाजूंनी सारख्या दिसल्या की चाप ओढायचा.

सातव्या गटाला बंदूक बोलायला लागली. चार गोळ्या एकाच फाटक्या भोकात! मी एवढ्या जोरात ओरडले की कुंपणावरचे कावळे उडाले. मग पाचवी. बोटभर वर.

"दारूच बदलतो," तो म्हणाला. बदलली. पाचवी वर. प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टिकली, बदलला, गोळी केसभर पुढे बसवली, केसभर मागे बसवली. चार आत, पाचवी वर. मे उजाडला. एका संध्याकाळी हॉटडिशची, म्हणजे आमच्याकडच्या भट्टीत भाजलेल्या बटाटा-मांसाची, ताटली पुढे ठेवली तर म्हणाला, "काडतुसात खोट नाही, आर्लिस. खोट डोळ्यातच आहे."

"डोळा फेब्रुवारीत बिघडला. पाचवी बावीस वर्षं वर जातेय," मी म्हटलं.

पाचवीचं उत्तर मिळालं ते ढोलीमुळे. ढोली आमची गाय, महा आगाऊ. मेच्या मध्यावर आम्ही घळीत होतो. चार गोळ्या झाल्या, त्याने पाचवी आत सरकवून नळीमागचा बोल्ट लावला, आणि तेवढ्यात मला दिसलं की ढोलीने कुंपणातून मान घालून तार ताणलीय.

"ऑर्डेल, आटप, कुंपण जाईल!"

त्याने वैतागून लगेच चाप ओढला आणि गायीमागे धावला. मी दुर्बिणीला डोळा लावला. कागदावर चार गोळ्यांचं ते एकच फाटकं भोक दिसत होतं. पाचवी कागदाबाहेर गेली म्हणावं, तर त्याच फाटक्या भोकाची एक कड थोडी रुंद झालेली. पाचवी आत होती!

मी तिथेच वही उलटी चाळायला लागले. लिहिताना मला वेळही टिपायची सवय होती, केक भाजण्याची सवय ती. पहिल्या चार गोळ्यांमध्ये प्रत्येकी वीस-पंचवीस सेकंद. पाचवी मात्र दर वेळी मिनिटाच्या वर, कधी दोन मिनिटं. कारण ती शेवटची! काडतूस आत घालायचं, बोल्ट लावायचा, मग श्वास शांत करायचा, झुळूक थांबायची वाट बघायची. कोठारावर ऑर्डेल काटा पूर्ण थांबेपर्यंत एकाही ट्रकला हलू देत नसे. तसाच इथे बसायचा, आणि चार गोळ्यांनी तापलेल्या नळीत ते पाचवं काडतूस तेवढा वेळ पडून असायचं.

तो गायीला हाकून धापा टाकत आला तर मी वही त्याच्या नाकासमोर धरली. "ऑर्डेल, चूल बंद केली तरी तव्यावरचं अंडं शिजत राहतं की नाही?"

"आत्ता अंड्याचं काय काढलंस?"

"तुझी पाचवी शिजते! आतली दारू तापते, तापली की जोर वाढतो, जोर वाढला की गोळी वर!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग पिकअपवर चढला. चार गोळ्या झाडल्या, पाचवी आत घातली आणि मला म्हणाला, "साठ मोज." मी मोजले. गोळी वर! पुन्हा चार, पाचवी लगेच. आत! पुन्हा साठ मोजले, वर! पुन्हा लगेच, आत!

"चाळीस वर्षं काडतुसं भरतोय!" तो ओरडला. "चाळीस वर्षं! आणि मी त्यांना नळीत भाजतोय!" त्याने टोपी घळीत फेकली, मला उचलायचा प्रयत्न केला, कंबर धरून खाली बसला, आणि आम्ही दोघं इतके हसलो की ढोली पुन्हा कुंपणाशी येऊन बघायला लागली.

जूनचा पहिला शनिवार उजाडला तो वाऱ्याचाच. क्लबाच्या आवारात तीसेक माणसं, टेबलावर आंबटगोड रुबार्बचे केक, कॉफीची किटली. व्हर्लिनने खिशावर थाप मारून नाणं वाजवलं. "काय ऑर्डेल, पाचवी आणलीस का घरी ठेवलीस?"

"आणलीय. तुला दाखवायला."

मला हात धुवायचं निमित्त करून दूर जावंसं वाटत होतं, पण मी तिथेच उभी राहिले. तो बसला. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, संथ आणि सारखी. व्हर्लिन दुर्बिणीतून बघून काही बोलला नाही, आणि व्हर्लिन गप्प बसला म्हणजे चारही आत. ऑर्डेलने पाचवी आत घातली, बोल्ट लावला, आणि त्याच क्षणी बाजूचं निशाण ताडकन आडवं झालं. वारा!

आता झाडली तर वारा गोळी नेणार. थांबला तर ती शिजणार. मी ओठ घट्ट दाबले. बोलायची परवानगी नव्हती.

ऑर्डेलने बोल्ट उघडला. काडतूस बाहेर काढलं, टेबलाखाली सावलीत ठेवलं, आणि हाताची घडी घालून बसला.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. "अरे, हा काय करतोय?" कुणीतरी म्हणालं. "म्हाताऱ्याने हात टेकले," दुसरा म्हणाला. व्हर्लिनने घड्याळ बघून सांगितलं, "तीन मिनिटं उरली." निशाण फडफडतच होतं. "दोन." ऑर्डेल हलला नाही. त्या काडतुसाची दारू मी वजन केली होती, रेघ रेघेला लावून. "एक मिनिट, ऑर्डेल."

निशाण खाली पडलं. त्याने काडतूस उचललं, आत घातलं, बोल्ट लावला आणि श्वास घ्यायच्या आत झाडलं. बावीस वर्षांत त्या माणसाने एवढ्या घाईने काही केलं नव्हतं.

व्हर्लिन स्वतः चालत जाऊन कागद घेऊन आला. टेबलावर पसरला आणि खिशातून डाइम काढला. आम्ही सगळे वाकलो. त्याने नाणं ठेवलं, डोळे बारीक केले, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. व्हर्लिन मोजताना सख्ख्या भावालाही सूट देत नाही. दिली नव्हतीच, त्याचा भाऊ तिथेच उभा होता. मग त्याने खिशातून भिंग काढून नाण्याची कड पुन्हा पूर्ण फिरून बघितली.

"आत," तो म्हणाला. "पाचही आत!"

काय आरडाओरडा झाला! कुणीतरी कॉफी सांडली. मी कुणाला मिठी मारली, मला आठवत नाही. व्हर्लिनने ऑर्डेलचा दंड धरून त्याला टेबलाशी ओढलं. "ये, ये, डोळे भरून बघ! बाहेर केसभरही नाही!"

ऑर्डेल कागदाकडे वाकला. मान आधी एका बाजूला केली, मग दुसऱ्या बाजूला. मग सरळ उभा राहिला.

"तूच सांग, व्हर्लिन," तो म्हणाला. "मला नाणं दिसत नाहीये."

व्हर्लिन त्याच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी मान हलवली.

"कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून. ऑक्टोबरनंतर फुलीही दिसणार नाही."

"गाढवा!" व्हर्लिनचा आवाज फुटला. "मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू नाणं सरकवलं असतंस."

व्हर्लिनने कागदाकडे बघितलं, हातातल्या भिंगाकडे बघितलं. पन्नास वर्षं ज्याने आम्हां कुणाचं एक पत्रही चुकीच्या पेटीत टाकलं नाही, त्या माणसाने भिंग पुसून पुन्हा खिशात ठेवलं.

"सरकवलं असतं," शेवटी तो म्हणाला.

मग त्याने रंगाचा डबा मागवला. नावं रंगवायची पद्धत जुलैमधल्या सभेत, पण त्या दिवशी कुणीही पद्धत काढली नाही. व्हर्लिन शिडीवर चढला आणि फळ्यावर शेवटी उरलेल्या चार ओळींच्या जागेत एकच नाव लिहायला लागला, एकेक अक्षर वीतभर उंच. ऑर्डेल खाली पिकअपला टेकून उभा होता, मान थोडी बाजूला करून, आणि एकेक अक्षर झालं की ते मोठ्याने वाचत होता.