पाळण्याचं शेवटचं कडवं

मी तिसरीत शाळा सोडली ती मेंढरांमागं. पण ओवी कोणती, पाळणा कोणता, हे चाल ऐकल्याबरोबर सांगतो. त्यात मला कुणी शिकवू नये.

त्या दुपारी दहावीतली नात ओसरीवर मोठ्यानं कविता वाचत होती. शेजारीच माझी धाकटी सून, आठवा महिना लागलेला, तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. दोन ओळी कानावर पडल्या अन् मी ओरडलो, "बंद कर! पाळणा हाय तो!" आमच्यात बाराव्या दिवशी बाळ पाळण्यात घालेपर्यंत घरात पाळणा म्हणत नाहीत.

"आबा, कविता हाय ही, पुस्तकातली. रसग्रहण लिवायचंय."

सून हसली. "म्हणू द्या की मामा. परीक्षा काय बारशापस्तोर थांबती व्हय?"

मी हट्टानं पुस्तक मिटायला लावलं. दिवस मावळायच्या आत सुनेला कळा सुरू झाल्या.

तलवाड्याहून जीप करून गेवराईच्या दवाखान्यात आणलं. नातही मागं लागून आली. सुनेला आत नेलं, पोरगा औषधाला पळाला. बाकड्यावर आम्ही दोघंच. मी काठी दोन्ही हातांनी आवळून धरली.

"त्या पाळण्यात पुढं काय होतं गं?"

"परतेक कडव्याच्या शेवटी 'जो जो' येतं. शेवटच्यात येत न्हाई. तितंच संपती."

"कावून?"

"सर म्हणले, रूप पाळण्याचं, पण भाव करुण. बाळ गेलंय."

मी काठी आपटली.

"तुझ्या सरानं लेकरू निजवलंय का कवा? निजल्यावर कोण गात बसतंय? आई गप होती. बाळ झोपलंय."

"पण आबा, आदल्या कडव्यात त्याचे हात गार पडल्यात."

"थंडी आसंल! झोपलंय म्हण."

"झोपलंय," ती म्हणाली अन् ओढणीनं डोळे पुसले.

नर्सबाई बाहेर आली. मुलगी झाली, आई बरी आहे. बाळ वजनाला लई कमी, काचेच्या पेटीत ठेवलंय, दारातूनच बघा.

पेटीत मुठीएवढा जीव निपचित पडला होता.

"झोपली," नात म्हणाली.

मी तिचं पोट हलतंय का, तेवढंच बघत होतो. वर आलं, खाली गेलं. पुन्हा वर यायची वाट बघत दारात उभा राहिलो.