नावेला बसवलेली तोटी

आमच्या कॉलनीत आठवड्यातून एकदा नळ येतात, तेही आले तर. अशा गावात नवरा नाव विकत घेऊन आला, तेव्हा मी काय बोलले असेन ते सांगायला नको. मोटारीच्या मागं जोडलेल्या दोन चाकांच्या गाड्यावर पांढरी, फायबरची, पंधराएक फूट लांबीची शिडाची नाव. फाटकातून आत शिरेना म्हणून गल्लीतच उभी राहिली. समोरच्या काकू कुंपणाशी येऊन बराच वेळ बघत होत्या. मग यांना म्हणाल्या, "भाऊजी, पाणी पण आणलंय का संगं?"

लग्नाआधी हे दोन वर्षं कोचीला नोकरीला होते. तिथं कुणीतरी यांना शिडाच्या नावेत बसवलं आणि ते खूळ डोक्यात शिरलं, ते चिकलठाण्याच्या कारखान्यात उभी नोकरी काढूनही निघालं नाही. रिटायर झाल्यावर माणसं चारधामला जातात, गच्चीवर पत्रे टाकतात. यांनी नाव घेतली. हौसेला मोल नाही म्हणतात, पण हौसेला जागा तरी लागते की नाही? माझं माहेर पाचोडचं. पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी दिसणारं, पोहऱ्यानं वर ओढायचं. त्याच्यावर जाऊन बसायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "अहो, गल्लीत उभी आहे तोवर मी बसेन. पाण्यात गेली की तुमची."

गल्लीत मात्र मी मनसोक्त बसले. संध्याकाळी नावेत बसून गवार मोडायला जितकं बरं वाटतं तितकं घरात कुठंच वाटत नाही. जमिनीपासून उंच, वारा चारी बाजूंनी, आणि येणारा-जाणारा दिसतो. समोरच्या काकू यायच्या, शेजारची नवी सून यायची. उन्हाळ्यात पुढच्या सपाट भागावर कुरडया वाळायच्या. दसऱ्याला मोटारीला हार घातला की हे नावेलाही घालायचे, आणि तिच्यासमोर नारळ फोडायचे.

रविवार यांचा. कारखान्यातला एक जुना मित्र सकाळी यायचा, दोघं मिळून नाव मोटारीला जोडायचे आणि पैठण रस्त्यानं नाथसागर धरणावर जायचे. वाटेत चहाला थांबलं की लोक गोळा व्हायचे. "ही कुठं चालली?" "पाण्यात." "व्हय, पण कशाला?" हे चहाचे पैसे देऊन मोटारीत बसायचे. एकदा शीड उसवलं म्हणून गुलमंडीवर जाड कापड बघायला गेले, तर दुकानदार विचारतो, "पडदे का नाप लाए क्या साब?" हे म्हणाले, हो, पडदाच समजा.

त्या नावेचं सुख थोडं आणि उठाठेव फार. अर्धा दिवस ती उभी करण्यात जायचा. उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की काठावर काळा गाळ, त्यात एकदा मोटारच रुतली आणि बैलजोडी लावून ओढावी लागली. कधी वाराच पडायचा. मग दोघं धरणाच्या मधोमध बसून मी दिलेल्या दशम्या खायचे आणि वल्ही मारत परत यायचे. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे ती एकट्या माणसाची नावच नव्हती. डोलकाठी उभी करताना एकानं खालून उचलायची, दुसऱ्यानं पुढून दोर ओढून धरायचा. पाण्यात ढकलतानाही तसंच.

पण संध्याकाळी हे परत यायचे ते पोटऱ्यांपर्यंत चिखल, नाक उन्हानं सोललेलं, आणि बोलत सुटलेले. एरवी दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस. वारा कुठून आला, रोहित पक्ष्यांचा थवा कसा उठला, नाव एका अंगाला कशी कलली. मला त्या रविवारच्या संध्याकाळी हे लई आवडायचे.

मग मित्र मुलाकडं पुण्याला राहायला गेला आणि नाव थांबली. यांनी एक-दोघांना विचारून बघितलं. पुतण्याला सुट्टी मिळेना, शेजारी एकदा जाऊन आले आणि पुन्हा फोन उचलेनात. शेवटी हे एकटेच गेले, तर डोलकाठी निसटून खांद्यावर बसली. हात गळ्यात बांधून घरी आले तेव्हा मी निक्षून सांगितलं, "आता विका." हे नुसतं "बघू" म्हणाले. दीड वर्ष ती तशीच उभी होती. हे रोज तांदूळ धुतलेल्या पाण्यात फडकं बुडवून तिला पुसायचे. मी खिडकीतून बघायचे, रागानं पडदा ओढायचे आणि पुन्हा बाजूला सारून बघायचे.

याच काळात, मे महिन्यात, लेकीचं डोहाळजेवण आमच्याकडं होतं. चाळीस पानं उठणार, आणि आदल्या दिवशी गच्चीवरची टाकी फुटली. टँकर दारात, टँकरवाला ओरडतोय, "टाकी कुठाय बोला, मला पुढं जायचंय." आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणत मी घरातली पातेली अंगणात आणून मांडायला लागले. हे शांतपणे म्हणाले, "नावेत सोड."

गाड्याखाली विटा रचल्या, नाव धुऊन काढली आणि निम्मी भरली. टाकी दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरनं नावेच्या मागच्या बाजूला, तळाचं पाणी काढायला जे भोक असतं, त्याचं बूच काढून तिथं सुतळी आणि सफेदा लावून पितळी तोटी बसवून दिली. दुसऱ्या दिवशी सगळं व्याह्यांचं गणगोत नावेच्या तोटीवर हात धूत होतं. विहीणबाई म्हणाल्या, "तुमची सोय वेगळीच असते बाई."

पावसाळा सरला तेव्हा पुण्याचा एक माणूस नाव घ्यायला तयार झाला. सोमवारी येतो म्हणाला. शनिवारी रात्री जेवताना हे म्हणाले, "उद्या एकदा पाण्यात घालून बघायला पाहिजे होती." माझ्याकडं न बघता, भाताकडं बघत. मी म्हणाले, "मी येते." यांनी घास परत ताटात ठेवला. "शेवटचीच ना," मी म्हणाले, "मग येते."

पंजाबी ड्रेसवर, बुडू नये म्हणून घालतात ते नारिंगी जाकीट चढवलं तेव्हा मला माझंच हसू आलं. पण दोर मी ओढला, आणि डोलकाठी पहिल्या फटक्यात उभी राहिली. नाव पाण्यात गेली, शीड भरलं, काठ मागं पडला. मी दोन्ही हातांनी बसायची फळी धरून, मनात देवाचं नाव घेत होते. तेवढ्यात पायाला गार लागलं. मागच्या भोकातून स्वच्छ पाण्याची धार आत येत होती. आमच्या घरात इतक्या जोरानं पाणी कधी आलं नव्हतं.

आता कुणीही शहाणं माणूस घाबरलं असतं. मी काय केलं असेल? नावेत पाणी उपसायची बादली होती, तांब्या होता. मी भरायला लागले. एक बादली काठोकाठ भरली, न सांडता बाजूला ठेवली आणि यांना विचारलं, "दुसरं काही आहे का, भरून ठेवायला?"

यांच्या एका हातात सुकाणू, दुसऱ्यात शिडाचा दोर. हे माझ्याकडं बघतच राहिले आणि मग इतके हसले की नाव हलायला लागली. "अगं, भरतेस काय? तोटी उघडी आहे. बंद कर."

तोटी बाहेरच्या अंगाला, पाण्याखाली. मी मागच्या कडेवर पालथी पडले, हात कोपरापर्यंत नाथसागरात घातला, चाचपडत तोटी शोधली आणि पिळली. धार थांबली. घरी हेच पाणी मी आठ-आठ दिवस वाट बघून भरते. ते इतकं सगळं माझ्या हाताखाली पसरलेलं होतं. भीती कुठं गेली कुणास ठाऊक. हात बाहेर काढावासा वाटेना. मी तशीच पडून राहिले.

परतताना मात्र रस्ताभर मीच बोलत होते.

घरी आल्यावर हे पान्हा घेऊन बाहेर आले. उद्या माणूस येणार, तोटी लावलेली नाव त्याला कशी द्यायची, म्हणून काढायला बसले. मी नावेत बसले होते.

"तोटी राहू द्या," मी म्हणाले.

"अगं, त्याला बूच लावून द्यायला पाहिजे."

"त्याला कशाला? मला बंद करता येते."

यांनी पान्हा खाली ठेवला. मग त्या माणसाला फोन करायला आत गेले.