आईचं अर्धं वाक्य

बाबांचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी मी क्लासला गेले. इकडे हिंदी मुलखात, इंद्रपुरीत मी बारावीला बायोलॉजी शिकवते... धडा नेमका कॉम्प्लिमेंटेशनचा निघाला.

पांढऱ्या फुलांची दोन झाडं. दोष दोन्हींत, पण वेगवेगळ्या जनुकांत. त्यांचा संकर केला तर जांभळी फुलं येतात, कारण एकाकडे जे बिघडलेलं, ते दुसऱ्याकडून धड मिळतं.

एका मुलीने विचारलं, "मॅम, इंसानों में भी होता है?"

"होता है. मैं ही हूँ," मी म्हणाले... आणि फळा पुसायला वळले.

माझे आई-बाबा दोघेही जन्मापासून बहिरे. मला स्वच्छ ऐकू येतं. दोघांचे दोष वेगळ्या जनुकांतले आहेत, असं डॉक्टरांनी तपासणीनंतर सांगितलं, तेव्हा बाबांनी आईकडे बघून खूण केली होती, "तुझ्यामुळे." आईने तीच खूण त्यांना परत केली होती.

लिहिण्यातही त्यांचं असंच. आई खुणांच्या भाषेत वाढली, तिला मराठी वाक्य पुरं करणं जमत नाही. व्हॉट्सॲपवर ती अर्धं लिहायची, उरलेलं बाबा लिहून मला पाठवायचे.

क्लास सुटल्यावर फोन पाहिला. आईचा मेसेज... "मला वाटतं की". बस, एवढंच.

नवरा भाषाशास्त्र शिकलाय. 'वाटतं' हे क्रियापद एकटं उभं राहत नाही, काय वाटतं ते सांगणारं वाक्य त्याला पूरक म्हणून लागतं, आणि त्यालाही कॉम्प्लिमेंटेशनच म्हणतात, असं तो एकदा म्हणाला होता. तेव्हा मी नुसतं हं म्हटलं होतं.

स्कूटर काढली, तडक पिपलानीला आईच्या घरी गेले. आईला मेसेज दाखवून खुणेने विचारलं, "काय वाटतं?"

तिने पायाने फरशीवर थाप मारली. बाबा तिला अशीच हाक मारायचे... हादरा तिच्या तळपायाला कळायचा. मग तिचे हात हलले, "सकाळपासून हे थाप मारतायत. मी वळून बघते. कोणी नसतं."

तेवढ्यात पुन्हा हादरा बसला. शेजारच्या क्वार्टरमध्ये जुनी फरशी फोडत होते, घणाचा आवाज मला स्पष्ट येत होता.

आईने माझा दंड धरला. "तुला ऐकू येतं. काही ऐकू आलं?"

मी मान हलवली... नाही.

ती हाक तिच्यापुरती बाबांचीच राहावी म्हणून माझ्या कानांबद्दल आईशी मी पहिल्यांदाच खोटं बोलले. पस्तावा नाही. पण तेव्हापासून नीट झोप लागलेली नाही.