उघडू-का अक्का

२ फेब्रुवारी. उद्या भट्टी भरायची आहे, म्हणून सकाळपासून फळ्या घासत बसले आहे. भट्टीत भांडी ज्या फळ्यांवर रचतो, त्यांच्यावर ग्लेझचे, म्हणजे भांड्यांना दिलेल्या काचेरी लेपाचे, ओघळ वितळून पडतात आणि निवल्यावर काचेसारखे घट्ट होतात. ते काढायला खरखरीत घासदगड लागतो आणि मनगटात जोर. चार फळ्या झाल्या. पाचवीवर काकवीच्या रंगाचा एक जाड थेंब आहे. त्याच्यापाशी आले की हात थांबतो, मी उठते, पाणी पिते, दुसरीच फळी ओढते. हे सकाळपासून चाललं आहे. असं रेंगाळणं माझ्या स्वभावात नाही, त्यामुळे चिडचिड होते आहे. तो थेंब अक्काचा.

अक्काला बंद वस्तू बघवत नसे. कुकरची वाफ जिरायच्या आत तिचा हात शिट्टीवर. लग्नघरात गेली की आधी पातेल्यांवरची ताटं उचलून बघणार, मग नवरीकडे जाणार. एकदा दवाखान्यात तिने नंबर यायच्या आधीच डॉक्टरांच्या खोलीचं दार ढकललं, आतल्या माणसाची चौकशी केली आणि बाहेर येऊन बाकड्यावरच्या सगळ्यांना सांगितलं, "साधा खोकला हाय, आता होतंय त्येचं." 'उघडू का?' असं ती विचारायची जरूर, पण उत्तर येईपर्यंत झाकण तिच्या हातात असायचं. इथे मुडबी गावात तिला सगळे उघडू-का अक्काच म्हणत, तोंडावरसुद्धा. "झाकून ठेवणाऱ्यानं लाजावं," ती म्हणायची. "मी कामून लाजू?"

मी मूळची औराद तालुक्यातल्या चिंताकीची. नवऱ्याची बदली मुडबीच्या शाळेत झाली, तेव्हा गावाबाहेर पत्र्याची शेड घेऊन मी चाक आणि गॅसची भट्टी मांडली. आमचं घर बौद्ध. गावातली काही माणसं गोड बोलायची, पण पाण्याचा तांब्या पुढे केला की त्यांना अचानक काम आठवायचं. अक्का बसवण्णांना मानणाऱ्या घरातली; कपाळावर विभूती, गळ्यात लिंग. पहिल्या दिवशी ती फाटक ढकलून आत आली, चाक बघितलं, माती बघितली आणि शेगडीवरच्या माझ्या डाळीचं झाकण उचललं. बोट बुडवून चाखलं. "मीठ कमी हाय," म्हणाली, आणि डबा शोधून मीठ घातलं. मीठ आधीच बरोबर होतं. डाळ खारट झाली, आणि मी ती सगळी खाल्ली.

ती मला तंगी म्हणायची. कन्नडमध्ये तंगी म्हणजे धाकटी बहीण. मी तिला सांगितलं, "अक्का, आमच्यात तंगी म्हणजे टंचाई."

"मग काय खोटं हाय? गॅस संपलेला, येळ कधी न्हाई, बसायला खुर्ची एकच. तंगीच हायस तू."

त्या बदल्यात मी तिच्या भाषेतला एक शब्द पक्का शिकले: तडी. म्हणजे थांब. ती रोजच शेडमध्ये येऊन मातीत हात घालायला लागली होती, आणि तिच्याबरोबर काम करायचं तर तो सारखा लागायचा.

भट्टीचा गॅस बंद केल्यावर सगळ्यांत अवघड काम सुरू होतं, ते म्हणजे काही न करणं. आत बाराशे अंशांच्या वर तापलेली भांडी असतात. ती त्यांच्या चालीने निवावी लागतात. घाईने दार उघडलं, गार वारा शिरला, की तडकतात. हे अक्काला कळत होतं. पटत नव्हतं. सकाळी चहाची किटली घेऊन यायची, भट्टीच्या अंगाला हात लावायची, चटका बसला की झटकायची आणि विचारायची, "उघडू का?"

"तडी, अक्का."

"भाकरी काय गार झाल्यावर बघत्यात व्हय?"

"भाकरी तडकत न्हाई."

"करपती की, कुणी बघितलं न्हाई तर!"

बोलता बोलता ती भट्टीत डोकावायच्या भोकातली वीट काढून आत डोळा लावून बसलेली असायची. भुवया जळाल्याचा वास यायचा. "लाल हाय अजून," ती तिथूनच बातमी द्यायची, जणू मला ते माहीत नव्हतं.

एकदा मी बसवकल्याणहून परत आले, तर भट्टीचं दार सताड उघडं आणि अक्का समोर स्टुलावर. आतून टिंग, टिंग असा आवाज येत होता. ग्लेझला बारीक चिरा जाताना तसा येतो.

"बोलायलेत बघ," ती खुशीत म्हणाली.

"बोलत न्हाईत, मरायलेत," मी म्हणाले.

थाळ्यांची अख्खी चवड दुभंगून निघाली. मी काही दिवस तिच्याशी बोलले नाही. ती रोज आली आणि दोघींच्या वाटचं बोलली. फुटक्या थाळ्या तिने घरी नेल्या, कुंपणावर रचल्या आणि चिमण्यांना त्यात कण्या टाकायला लागली. मला मुद्दाम बोलावून दाखवलं. "वाया गेलं का काही? उगं तोंड फुगवून बसलीस."

ग्लेझ लावायचीही तिची तीच तऱ्हा. भांड्यावर ते सायीएवढं बसायला हवं. अक्का बाळाच्या टाळूवर तेल थापावं तसं थापायची. "हात आखड जरा," म्हटलं की उत्तर ठरलेलं: "तंगी तू. मी न्हाई." मग भट्टीत ते सगळं वितळून खाली यायचं, भांडं फळीला चिकटायचं, आणि छिन्नी घेऊन मी बसायचे.

तिला एकच रंग हवा होता, काकवीचा. गुळाच्या कढईतून काकवी काढतात, उन्हात धरली की काळ्यातून तांबूस सोनेरी दिसते, तो. लहानपणी वडिलांच्या गुऱ्हाळात तिने तो बघितला होता आणि तिच्या मते त्यानंतर कुठेच नाही. तिच्या शेतातल्या तुरीच्या वाळक्या तुराट्या जाळून, राख धुऊन, गाळून, आमच्याकडच्या लाल मातीत मिसळून आम्ही ग्लेझ करायचो. राखेचं ग्लेझ लहरी. कधी शेवाळी यायचं, कधी विटकरी, कधी नुसताच चिखल. भट्टी उघडली की अक्का भांडं हातात घेऊन फिरवायची, उन्हात न्यायची, परत आणायची. "ही न्हाई. फुडची." दुसरं काही नाही. वाईट वाटायलाही ती थांबत नसे.

मग मुलाने हैदराबादला फ्लॅट घेतला आणि तिला न्यायचं ठरवलं. शेत दुसऱ्याला करायला दिलं. घरामागे तुराट्यांचा शेवटचा भारा उरला होता, त्यातून एका बरणीपुरती राख निघाली. म्हणजे आता 'फुडची' नव्हती. अक्काने झाकणाची बरणी केली, तिच्या मानाने बरीच सरळ. ग्लेझ लावून झाल्यावर झाकण जिथे टेकतं ती कड मी ओल्या स्पंजने पुसून कोरी केली. तिथे ग्लेझ राहिलं तर झाकण कायमचं चिकटतं. त्याच भट्टीत कडगंचीहून शिकायला आलेल्या मुलींचीही भांडी होती. त्यांची पहिलीच.

गॅस बंद केला त्याच्या दुसऱ्याच सकाळी हैदराबादची गाडी दारात. मुलाला सुट्टी आधी मिळाली होती आणि त्याला लगेच परतायचं होतं. अक्का नवं लुगडं नेसून शेडमध्ये आली. भट्टीला हात लावला. चटका बसला. हात झटकला. मी तिच्या प्रश्नाची वाट बघत उभी राहिले. तिने विचारलं नाही. किटली उचलली, खाली ठेवली, स्टूल सरकवलं, पुन्हा जागेवर ठेवलं. बाहेर हॉर्न वाजला.

मी हातमोजे चढवले आणि दाराची कडी धरली. "उघडते," मी म्हणाले. "एवढी बघून जा."

अक्काने माझं मनगट धरलं. "त्या पोरींचीबी हायत की आत."

"असू देत."

"तडी, तंगी," ती म्हणाली.

आणि गेली. गाडीत बसल्यावर तिने समोरचा कप्पा उघडला, आत काय आहे ते बघितलं, बंद केला. मग गाडी निघाली.

भट्टी पुरती निवल्यावर मी उघडली. मुलींची भांडी धड निघाली. बरणीला रंग आला होता. फळीवर एक थेंब मागे ठेवून ती सुटली, पण झाकण हलेना. मी कोरी केलेल्या कडेवर ग्लेझ चकाकत होतं. मी फोन लावला.

"अक्का, रंग आला."

"काकवी?"

"काकवी."

तिने पलीकडे मुलाला ओरडून बातमी दिली. 

"पण झाकण चिकटलं. कडेला परत लावलंस ना तू?"

"लावलं की. नागडी दिसायली होती."

"ठोकून बघते. उघडू का?" मी विचारलं, आणि प्रश्न कुणाच्या तोंडून गेला हे दोघींच्या एकदमच लक्षात आलं. ती इतकी हसली की मुलाने घाबरून फोन घेतला. मग त्याच्याकडून परत हिसकावून म्हणाली, "हात लावू नको. तू फोडशील. मी आल्यावर उघडू."

त्यानंतर प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न तोच: "उघडली न्हाईस न्हवं?" हैदराबादेतल्या शेजाऱ्यांची दारं उघडून ती वैतागली होती. "सगळ्यांच्या घरी एकच सोफा हाय," म्हणायची. दिवाळीला येणार होती, नाही आली. उगादीला, म्हणजे पाडव्याला येणार होती, तेव्हाही नाही. गेल्या पावसाळ्यात आली ती निजून. शेताच्या कडेला त्यांच्या रीतीने बसवून माती दिली. मीही मूठभर टाकली. काळी, चिकट माती. चुनखडीचे खडे होते, भांड्याला चालली नसती.

बरणी भट्टीतून निघाल्यापासून शेडच्या फडताळावर आहे, आणि थेंबाची ती फळीही तेव्हापासून बाजूलाच होती; उद्या सगळ्या फळ्या लागणार म्हणून काढली. येणारे-जाणारे तिच्याबद्दल विचारतात, मी सांगते, ते हळू आवाजात बोलायला लागतात. परवा कुणीतरी तिच्यापुढे एक शेवंती ठेवून गेलं. ते बघून माझं डोकं फिरलं. देवळातल्या मूर्तीपुढे रांग दिसली की अक्का म्हणायची, "आत काय हाय, विचारा की त्येला." जी उघडत नाही ती बरणी नव्हे, मूर्ती. आणि मूर्ती अक्काला चालली नसती. ती थांब म्हणाली, मी थांबले. आता कुणासाठी थांबायचं?

३ फेब्रुवारी. सकाळी भट्टी भरायच्या आधी बरणी टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने कडेभोवती ठोकत गेले. झाकण हललं नाही; ठोकत राहिले. टिंग. झाकण सुटलं, कडेचा एक टवका घेऊन. आत काही नव्हतं, नुसता काकवीचा रंग, पार तळापर्यंत. टवक्याची धार घासदगडाने बोथट केली. त्याच दगडाने फळीवरचा तो थेंबही काढून टाकला. बरणी धुतली, पुसली, मीठ भरलं आणि शेगडीजवळ ठेवली. मग भट्टी भरायला घेतली.

झाकण आता नीट बसत नाही. एका बाजूने जरा उघडंच राहतं. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटेल; ते तेव्हा बघू.