पहिल्या पकडीचा मान

पन्हाळ्याच्या पायथ्यापासून वारणेच्या काठापर्यंत मागच्या दोन पिढ्यांत जेवढे ससे मेले, ते सगळे आपल्याच कुत्र्यांनी धरले, अशी आमच्या कोडोलीच्या गादीवाल्या चाचांची पक्की खात्री होती. जे ससे म्हातारे होऊन झुडपाखाली मेले, तेही त्यांच्या मते त्यांच्याच कुत्र्यांच्या धास्तीने मेले होते. आता चाचा नाहीत. त्यांची शेवटची कुत्री भिंगरी त्यांच्याही आधी गेली. गावात आजही त्यांचं नाव निघालं की कोणीतरी एक गोष्ट सांगतं आणि ऐकणारे माना हलवतात. ती गोष्ट खोटी आहे. हे माझ्याइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही, आणि माझंही वय आता गप्प बसण्याचं राहिलेलं नाही. पण आधी माणूस कसा होता ते सांगतो.

चाचा पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-उशा भरायच्या, हा घराण्याचा धंदा. भुवयांत, कानांच्या केसांत, दाढीत कायम कापूस अडकलेला, त्यामुळे तिशीतही ते म्हातारे दिसत आणि सत्तरीत तेवढेच म्हातारे दिसत. हात उत्तम चालायचा, पण तोंड त्याहून जास्त चालायचं, आणि तोंड चालू झालं की हात थांबायचा. एकदा रुखवताची गादी न्यायला नवरीचे मामा टेम्पो घेऊन दारात उभे, गादी अजून अर्धी पोकळ, आणि चाचा खोळीत खांद्यापर्यंत हात घालून, आतल्या कापसाचा गोळा इकडून तिकडे पळवत मामांना दाखवतायत, "असा वळला बघा ससा, असा. आणि हितं माझ्या लाल्यानं त्येला गाठला." मामा लग्नाचा मुहूर्त विसरून "मग?" म्हणाले. गादी मांडवात पोचली तेव्हा पंगती उठल्या होत्या.

त्यांच्या बढाईमागे एक जुना रिवाज होता. पूर्वी चार गावं मिळून रानातली जनावरं उठवायला हाका घालत आणि शिकारीला निघत. ज्याच्या कुत्र्याने जनावर पहिलं धरलं, त्याला पहिल्या पकडीचा मान. मटणाचा वाटा वेगळा, मान वेगळा. पण जनावर पडलं की मालकाने तिथल्या तिथे, चारचौघांत, मोठ्याने म्हणायचं, "पहिली पकड माझ्या कुत्र्याची." तिथे बोलला तर मान त्याचा. घरी जाऊन आठवलं, तर त्याला कोणी विचारत नसे. चाचांचा आवाज सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत आधी. रानडुक्कर पडलं तरी ते पुढे. वाटा घ्यायचा प्रश्नच नव्हता. डुकराला तोंड लावलेल्या कुत्र्याला ओढ्यावर सात वेळा धुतल्याशिवाय चाची अंगणात घेत नसत. पाटलांनी एकदा विचारलं, "चाचा, तुमी खाणार न्हाय, शिवणार न्हाय, मग भांडताय कशापायी?" चाचा म्हणाले, "खायचं तुमी. नाव माझ्या कुत्र्याचं. हिशोब मिटला."

मग कायदा कडक झाला. शिकार बंद झाली, हाका बंद झाला, कुत्री तेवढी उरली. चाचांचा मान मात्र बंद होईना. घुशीवर, सापावर, शेजारच्या मेलेल्या कोंबडीवरही ते हक्क सांगू लागले. रस्त्यावर दुधाच्या टँकरखाली मुंगूस चिरडलेलं सापडलं, तेव्हा चाचांनी चहाच्या टपरीवर जाहीर केलं, "पहिली पकड भिंगरीची. टँकर मागनं आला."

भिंगरी म्हणजे त्यांची शेवटची कारवानी कुत्री. लांब तोंड, पाठीची कमान, पोट आत गेलेलं, पाय वेताच्या काठीसारखे. मी तिला पाहिली तेव्हाच ती उतरणीला लागली होती आणि मागचा एक पाय ओढत चालायची.

मी नोकरीतून निवृत्त होऊन गावाच्या कडेला बंगला बांधला होता. शिकलेला माणूस म्हणून मला वन समितीचं अध्यक्ष केलं. गावावरच्या वनखात्याच्या माळावर भेकरं, ससे, मोर परत दिसू लागले होते, आणि त्याच माळावर सकाळी आम्ही बंगलेवाले आपापली कुत्री घेऊन फिरायला जात होतो. कुत्र्यांसाठी नियम हवेत असं ठरलं. ते मी लिहिले. शिकारी कुत्र्यांना माळावर सक्त मनाई. पाळीव कुत्री साखळीला बांधून, फक्त पायवाटेने. माझा लॅब्राडोर ब्रुनो दुसऱ्या कलमात बसत होता.

मी नियम वाचून दाखवले तेव्हा चाचा मागच्या रांगेतून उठले.

"साहेब, माझी भिंगरी काय जंगलातनं आलीया? ती पाळल्याली न्हाय व्हय?"

"चाचा, ती शिकारी जातीची आहे."

"आणि तुमचं ते? त्ये काय वारकरी हाय?"

सभा हसली. मला राग आला. मी काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून म्हणालो की, साधी गोष्ट आहे, अंगाने भरलेलं कुत्रं पाळीव, हडकुळं ते शिकारी, फाटकावरच्या वनखात्याच्या गार्डला लांबून ओळखता आलं पाहिजे. हे किती मूर्खपणाचं बोलत होतो ते मला तेव्हाही कळत होतं. चाचांनी मात्र ते फार मनावर घेतलं.

महिनाभर त्यांनी भिंगरीला ताकभात, शिळी भाकरी, बेकरीतले तुटके टोस्ट, काय काय चारलं. तिच्या बरगड्या ढिम्म हलल्या नाहीत, चाचांचंच पोट थोडं सुटलं. तेव्हा त्यांनी आपला धंदा कामाला लावला. छिटाचं फुलाफुलांचं कापड घेऊन त्यांनी भिंगरीच्या मापाची खोळ शिवली, तिच्यात दाबून कापूस भरला, वर टाके मारले आणि ती तिच्या अंगावर बंदांनी बांधली. वरून पाहिलं तर एक लोड चार काठ्यांवर चाललाय. असं तिला घेऊन ते माळाच्या फाटकावर गेले आणि गार्डला म्हणाले, "बघून घ्या. अंगानं भरल्याली हाय." गार्ड तरुण होता. तो इतका हसला की त्याने फाटक उघडलं, आणि पुढे रोजच उघडत राहिला. चाचा पायवाट सोडत नसत, दोरी सोडत नसत. माळाच्या कडेला बसायचे, भिंगरी गवताकडे बघायची, चाचा भिंगरीकडे. तिचे कान हलले की म्हणायचे, "व्हय व्हय. ससा हाय. बघ नुसता."

आमच्या ब्रुनोची झोपायची गादीही चाचांनीच भरून दिली होती. पैसे घेतले नाहीत. "मुक्या जनावराचे कसले पैसे," म्हणाले.

ती सकाळ थंडीतली होती. माळावर कोणी नव्हतं, म्हणून मी ब्रुनोची साखळी सोडली. रोजच सोडत असे. नियम करणाऱ्याला नियम जरा सैल होतात. ब्रुनो गवतात घुसला आणि एक भेकर उठलं. मी हाका मारत राहिलो. ब्रुनोसारखं जाडं कुत्रं भेकराला कधीच गाठू शकलं नसतं, पण खालच्या अंगाला नवीन काटेरी तारेचं कुंपण होतं. भेकर त्याच्यात गेलं. मी पोचलो तेव्हा ते तारेत अडकलेलं होतं आणि ब्रुनोने त्याचा गळा धरला होता. मी त्याला ओढून काढलं. उशीर झाला होता.

तेव्हा भिंगरी आली. तिच्या गळ्यात दोरी लोंबत होती, खोळ एका बाजूला घसरलेली. चाचा फाटकाजवळच्या टपरीवर चहाला बसले असतील आणि रक्ताचा वास लागून ती सुटून आली असेल. तिने भेकराच्या गळ्याला तोंड लावलं, हुंगलं. मग त्याच्या पोटापाशी नाक नेलं, तिथे बराच वेळ हुंगत राहिली आणि बाजूला बसली. एवढंच. मी ब्रुनोला ओढ्यावर नेलं, त्याचं तोंड धुतलं, मागच्या वाटेने घरी बांधून आलो.

परत गेलो तेव्हा कुंपणापाशी गार्ड होता, पाच-सहा माणसं होती, चाचा होते. भिंगरी तिथेच बसलेली, नाकाला रक्त. गार्ड बिचारा प्रकरण मिटवायला बघत होता. म्हणाला, "ही मोकाट कुत्र्यांची कामं. टोळीच फिरतीया हितं. तसंच लिवतो."

कोणीतरी म्हणालं, "तर काय. चाचांच्या म्हातारीला सोताचा पाय उचलंना, ती काय भेकर धरतीया."

लोक हसले. चाचा पुढे झाले. मी त्यांचा चेहरा बघत होतो. त्यांनी तार बघितली, गळ्यावरच्या दातांच्या खुणा बघितल्या, भिंगरीचं नाक बघितलं.

"मोकाट कुत्री मागनं धरत्यात, मांडीला," ते म्हणाले. "ह्ये नरडं हाय. पहिली पकड माझ्या भिंगरीची."

गार्ड खालच्या आवाजात म्हणाला, "चाचा, गप बसा की. केस हुतीया."

"हुंदे. लिव्ह. हितं बोललो म्हंजे बोललो." आणि ते माझ्याकडे वळले. "साहेब, तुमी हुतासा न्हवं माळावर? सांगा ह्यांस्नी."

साखळी माझ्या कोटाच्या खिशात होती. मी म्हणालो, "मी लांब होतो. मला दिसलं नाही."

पंचनाम्यावर पहिली सही माझी आहे.

दुपारी जनावरांच्या डॉक्टरांनी भेकराचं पोट उघडलं, तेव्हा आत पूर्ण वाढलेलं पिल्लू निघालं. ही बातमी मीच चाचांच्या दुकानात सांगितली. ते सुईत दोरा ओवत होते. हाक्याच्या दिवसांतही पोटुशी मादी उठली तर कुत्री आवरायची, आणि ज्याची आवरली नाहीत त्याने त्या हंगामात परत कुत्रं बाहेर काढायचं नाही, असा दंडक होता. हे मला नंतर पाटलांनी सांगितलं. त्या दिवशी चाचा एवढंच म्हणाले, "माझी असं करणार न्हाय." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "पर मीच बोललो की."

तेव्हा मी सांगायला हवं होतं. दुकानात आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "जाऊ द्या चाचा, मुकं जनावर आहे," आणि घरी आलो.

पुढे सगळं नियमाप्रमाणे झालं. केस उभी राहिली, चाचा तारखांना एसटीने कोल्हापूरला जाऊ लागले. समितीने ठराव केला की भिंगरी कायम बांधून ठेवावी. ठराव वाचताना माझा आवाज स्वच्छ होता. टपरीवरचे लोक चाचांना म्हणत, "काय चाचा, गाभणीचा मान घेतलासा." पूर्वी अशा टोमण्याला त्यांनी अर्धा तास उत्तर दिलं असतं. आता ते चहा अर्धा ठेवून उठत. दुकानातल्या खांबाला बांधलेली भिंगरी आधी उभी राहायची, मग बसून राहायला लागली, मग खाईना. उन्हाळा संपायच्या आत ती गेली. चाचांनी तिला माळाच्या कडेला पुरायची परवानगी मागितली. शिकारी कुत्र्यांना माळावर मनाई होती. मी नाही म्हणालो नाही, पण हो म्हणायलाही इतके दिवस लावले की चाचांनी तिला ओढ्याकाठी पुरलं.

ससे, मुंगसं, टँकर, सगळं त्यांच्या बोलण्यातून गेलं. गाद्या वेळेवर मिळू लागल्या.

छातीचा त्रास वाढला तेव्हा त्यांना कोल्हापूरच्या दवाखान्यात ठेवलं. मी तोवर शिवाजी पेठेत मुलाकडे राहायला आलो होतो, म्हणून भेटायला जाणं सोपं होतं, आणि म्हणूनच अवघड. जाताना ठरवून गेलो होतो की आज सांगायचं. चाची स्टुलावर बसल्या होत्या. मला बघून चाचांना म्हणाल्या, "साहेब आलं बघा. तुमी सारखं इचारत हुता त्येंला."

चाचांनी मला जवळ बोलावलं. दाढीत कापूस नव्हता, त्यामुळे ओळखू येत नव्हते.

"साहेब, तुमी लांब हुता म्हणालासा. पर लांबनं कायतरी दिसलं असंल की."

मी खाटेच्या कडेला बसलो.

"केस मिटली. आता काय हुतंय तुमास्नी. सांगा. पळाली कशी?"

मी तोंड उघडलं ते खरं सांगायलाच. पण त्या माणसाने पहिल्यांदा विचारलं होतं ते 'कोणी मारलं' असं नव्हतं. पळाली कशी, असं होतं. आणि खरं हे होतं की ती पळालीच नव्हती.

मी म्हणालो, "वाऱ्यासारखी पळाली चाचा. वरच्या खडकापासून. खोळ फडफडत होती."

"पाय?"

"पाय टेकतच नव्हता."

त्यांनी डोळे मिटले. चाची माझ्याकडे बघत होत्या. मी सांगत गेलो. भेकर कसं वळलं, भिंगरी कशी आडवी आली, अंतर कसं कमी होत गेलं. आयुष्यात मी एवढं खोटं एका दमात बोललो नव्हतो.

"मग गाठलं?"

"गाठलं होतं. पण अगदी जवळ आल्यावर थांबली."

"थांबली?"

"थांबली. धरलं नाही तिने. भेकर आपणच तारेत गेलं. ती पोटापाशी हुंगून बाजूला बसली."

तिने धरलं नाही आणि हुंगून बसली, एवढंच त्यातलं खरं होतं. चाचांनी डोळे उघडले. मग चाचींना म्हणाले, "ऐकलंस? कळलं हुतं तिला." आणि मला म्हणाले, "ह्ये तवाच बोलायचं की हो, साहेब. तितंच."

त्या आठवड्यातच चाचा गेले. भेकर ब्रुनोने मारलं. तो माझा कुत्रा होता, त्याची साखळी मी सोडली होती, आणि भिंगरीने त्या सकाळी कोणालाही धरलं नाही. हे मी आता लिहितोय, म्हणजे चाचांनी मागितलेला शेवटचा मानही मीच काढून घेतोय, हे मला कळतं. मागच्या महिन्यात चाचींना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, माझ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाल्या, "भिंगरीचं नाव सुटलं, ब्येस झालं. गावात वाचून दावा. पर त्येंच्या कबरीपाशी जाऊन सांगू नगासा. तितं ती पळती ऱ्हाऊ द्या."