धरण लागलं नाही

आमच्या घरात एक विनोद तीस-पस्तीस वर्षं चालत आला आहे. आईच्या हातात नकाशा दिला की वेल्सला निघालेली गाडी स्कॉटलंडला पोचते. मुलं लहान असताना त्यांनी तो सुरू केला आणि आता नातवंडंही म्हणतात. बायकोही हसते. त्या विनोदात एक खोट आहे आणि ती माझी आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही मिल्टन कीन्सला राहत होतो. सासरे पुण्याहून महिनाभरासाठी आले होते. बायको त्यांना अण्णा म्हणे, म्हणून मीही. तरुणपणी अण्णा खाणकामाच्या शिक्षणासाठी वर्षभर साउथ वेल्सच्या एका खोऱ्यात राहिले होते. ज्या बाईंच्या घरी ते भाड्याने राहत, त्या आता वृद्धाश्रमात होत्या. अण्णांनी पत्र पाठवलं, बाईंच्या मुलाचं उत्तर आलं: अमुक शनिवारी आईला घरी आणतो, चार वाजता चहाला या. अण्णांनी बाईंसाठी सोलापुरी चादर आणली होती. चार दिवसांनी त्यांचं विमान होतं. दुसरी संधी नव्हती.

अण्णांना डोंगर बघायचे होते, म्हणून मोटरवे सोडून आम्ही आतल्या दुपदरी रस्त्याने निघालो. मुलांना शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. बायको पुढे, मांडीवर रोड ॲटलस, हातात पेन्सिल. ती तेव्हा गाडी शिकत होती, परीक्षा पुढच्या महिन्यात होती. वाटेत लेबायला, म्हणजे रस्त्याकडेच्या गाडी थांबवायच्या जागेत, थर्मासमधला चहा प्यालो. तोवर तिचं एकही वळण चुकलं नव्हतं. अण्णा मला म्हणाले, "हिच्याकडेच द्या की गाडी, जावईबापू. वेळेआधी पोचवेल." तिघंही हसलो. मीही हसलो, पण ते कुठेतरी टोचलं. का, ते सांगता येत नाही.

ब्रेकन गाव मागे पडल्यावर धुकं आलं. पाट्यांवर वर वेल्श, खाली इंग्रजी, वाचेपर्यंत पाटी मागे जायची. फाटा आला. बायको म्हणाली, "डावीकडे." स्पष्ट म्हणाली. आणि मी उजवीकडे वळलो.

चुकून वळलो, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण उजवीकडे वळायचं तर समोरून येणाऱ्या गाड्यांसाठी थांबावं लागतं. मी थांबलो होतो. दोन गाड्या आणि एक दुधाचा टँकर जाऊ दिला, मग वळलो. तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात काय होतं? बारा वर्षं इथे गाडी चालवतोय, मला कळतं, असं काहीतरी असावं. बायको काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा ॲटलसमध्ये बघू लागली. मैलभरात मला कळलं की चुकलं. मागे गाड्यांची रांग होती, वळायला जागा नव्हती. पुढे एक लेबाय आला, तोही मी जाऊ दिला. आणखी दोन आले, तेही.

पाऊण तासाने एका अनोळखी गावात थांबलो. चार वाजून गेले होते. बायको काही बोलायच्या आत मी म्हणालो, "तू उजवीकडे म्हणालीस."

ती ॲटलसकडे बघत राहिली. "मी डावीकडे म्हणाले ना?" तिने विचारलं. विचारलं, सांगितलं नाही. मागून अण्णा म्हणाले, "बाळ, नकाशा नीट बघत जावा."

त्या घरी पोचेपर्यंत सहा वाजले. आश्रमाच्या जेवणाची वेळ झाली म्हणून मुलगा आईला परत घेऊन गेला होता. शेजारणीने आम्हाला तसं सांगितलं. दाराशी ती चादर तिच्याकडे देऊन अण्णा गाडीत बसले. हिवाळ्यात बाईंच्या मुलाचं पत्र आलं की आई गेली, चादर शेवटपर्यंत अंगावर होती.

हीथ्रोवर बायको ट्रॉली आणायला गेली तेव्हा अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "जावईबापू, त्या फाट्यानंतर धरण लागायला हवं होतं. ते लागलं नाही."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"जावयाला काय सांगायचं? मी आज जाईन. तिला तुमच्याबरोबर राहायचंय."

बायकोने ड्रायव्हिंगची परीक्षा रद्द केली. ज्या बाईला डावं-उजवं कळत नाही तिने गाडी काय चालवायची, असं ती स्वतःच म्हणे. मिल्टन कीन्ससारख्या राउंडअबाउटांच्या, म्हणजे गोल चौकांच्या, गावात, जिथे दुधालाही लोक गाडीने जातात, ती पुढची सगळी वर्षं मी कधी मोकळा होतो याची वाट बघत राहिली. मी तिला नेत होतो, आणत होतो, आणि लोक मला चांगला नवरा म्हणत.

दोन वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांमुळे लायसन्स परत करावं लागलं. आता आम्ही दोघंही बसची वाट बघतो. मागच्या महिन्यात नातवाने जेवताना तोच विनोद केला. तो गेल्यावर मेथी निवडत बसलेल्या बायकोला मी सांगितलं, "तू डावीकडे म्हणाली होतीस. मीच उजवीकडे वळलो."

मला वाटलं ती चिडेल. तिने बराच वेळ काड्या वेगळ्या केल्या. मग विचारलं, "अण्णा मागेच बसले होते. त्यांना तो रस्ता माहीत होता. त्यांना कळलं नाही?"

इथे मी पुन्हा खोटं बोलू शकलो असतो. या वेळी ते कदाचित बरंही ठरलं असतं.

"कळलं होतं," मी म्हणालो.

"म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून."

माझा अपराध सांगायला गेलो आणि तिचे वडील तिच्यापासून हिरावले, असं मला वाटलं. की ते त्या अनोळखी गावातच हिरावले गेले होते? तीन दिवस ती कामापुरतंच बोलली. चौथ्या दिवशी मला हे वहीत उतरवताना बघून म्हणाली, "लिहिताय ना? मग अण्णांचंही लिहा. त्यांना वगळू नका." म्हणून लिहिलं.

गेल्या रविवारी मुलगा आम्हाला स्टॅनमोरला एका मुंजीला नेत होता. ती पुढे बसली, मी मागे. राउंडअबाउट आला. फोनमधली बाई सरळ जा म्हणत होती. बायको म्हणाली, "तिला बंद कर. डावीकडे घे." मुलाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "बाबा?"

"आई सांगते तिकडे घे," मी म्हणालो. रस्ता बरोबर होता की नाही, मला खरंच माहीत नव्हतं.