गिअरच्या पेट्यांमधला नारळ

आमचे हे, दत्तोपंत, सत्तावीस वर्षं पीथमपूरच्या कारखान्यात कंटेनर भरताहेत. गिअरच्या पेट्या रचायच्या, पाचरी ठोकायच्या, पट्टे आवळायचे, दार लावून सील करायचं. ह्यांनी बांधलेला माल आफ्रिकेपर्यंत जागचा हलत नाही. आणि ह्यांनी समुद्र पाहिलाय? नाव नको! धारेहून मांडूला जायचं म्हटलं तरी ह्यांची शिफ्ट आडवी येते.

नारळी पौर्णिमेला आमच्याकडे नारळीभात होतो. समुद्राचा नारळ सासरे तलावात सोडायचे, दुसरं करणार काय? यंदा ह्यांच्या डोक्यात आलं, आपला कंटेनर समुद्रावरच चाललाय, तर नारळही जाऊ दे. "एक चांगला बघून दे गं," म्हणाले. मी मेलीने कुंकू लावून दिला! ह्यांनी तो पेट्यांच्या मधोमध बसवला, हात जोडले आणि दार लावलं. कुलपातला नारळ समुद्राला मिळणार कसा, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

बाराव्या दिवशी डिस्पॅचचे मॅनेजर वीरेंद्र ओरडत आला, "पंत, ये अंदर क्या रख दिया?"

केरळात नवं बंदर झालंय. लहान जहाजांवरचे कंटेनर तिथे उतरतात आणि भल्याथोरल्या जहाजावर चढतात. तिथल्या तपासणीच्या मशीनमध्ये आमच्या लोखंडात काहीतरी गोल दिसलं आणि कंटेनर बाजूला काढला. मोठं जहाज दोन दिवसांनी सुटणार होतं. ते चुकलं तर उद्यापासून गेटवर दिसू नका, असं वीरेंद्रने ह्यांना सांगून टाकलं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली! ह्यांनी नारळाचं नाव काढलंच नाही, घरी येऊन चहासुद्धा घेतला नाही. मी आधी भांडले, मग स्वतःच रडले.

"लपवता कशाला? खरं काय ते सांगून टाका," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी वीरेंद्रच्याच फोनवरून बंदरावरच्या अधिकारी बाईंना सांगितलं, "मॅडमजी, नारियल है. समुद्र के लिए." पलीकडे बाई अशा हसल्या की वीरेंद्रलाही ऐकू गेलं. नारळाच्या गावच्याच त्या! म्हणाल्या, फळ असं परदेशी पाठवता येत नाही, कंपनीचं पत्र द्या, उघडून काढू आणि नवं सील लावू. पूर्वी आमचे कंटेनर परदेशातल्या बंदरात जहाज बदलायचे. तिथे कागद फिरेपर्यंत जहाज केव्हाच गेलं असतं. इथे पत्र दुपारी गेलं आणि संध्याकाळी कंटेनर जहाजावर चढला. "पंत, आगे से सिर्फ गिअर," एवढंच बोलून वीरेंद्रने विषय संपवला. मी देवापुढे साखर ठेवली.

चार दिवसांनी वीरेंद्रच्या फोनवर बाईंचा व्हिडिओ आला. धक्क्याच्या कडेला त्या उभ्या, हातात आमचा नारळ, माझं कुंकू तसंच. त्यांनी तो अलगद पाण्यात सोडला. नारळ बुडाला, वर आला आणि डुलत निघाला.

ह्यांनी तो व्हिडिओ घरी आणून किती वेळा पाहिला, मोजलं नाही. शेवटी म्हणाले, "पोचला गं!" आणि डोळे पुसायला टॉवेल शोधू लागले.

दुसऱ्याच दिवशी ह्यांनी पुढच्या नारळी पौर्णिमेच्या सुट्टीचा अर्ज दिला, आम्हा दोघांच्या प्रवासासाठी. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "समुद्राला नारळ." वीरेंद्रने हसत सही केली.